पोरक्या पिलासाठी योग्य घर

पावसाळा सरून हवेत गारवा येऊ लागला, की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावोगावी एक दृश्य हमखास दिसते. शाळेच्या पडवीत, ग्रामपंचायतीच्या ओट्याच्या आडोशाला किंवा मोंढ्यातील पोत्यांच्या थप्पीमागे एखादी नुकतीच व्यालेली कुत्री आपली चार-सहा पिले घेऊन बसलेली असते. मुले भाकरीचे तुकडे आणून टाकतात, पिलांना नावे ठेवतात. महिना-दीड महिना लोटतो आणि त्याच पिलांची अडचण होऊ लागते. कोणी ती पोत्यात घालून शिवेपलीकडे सोडून येतो. काही वाहनाखाली सापडतात, काही रोगाने दगावतात. जी जगतात, त्यांची गणना पुढच्या वर्षी मोकाट कुत्र्यांत होते.

२०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख, तर महाराष्ट्रातील संख्या पावणेतेरा लाखांच्या आसपास नोंदली गेली. निर्बीजीकरण व लसीकरण हेच या प्रश्नावरील मुख्य उपाय होत, यात शंका नाही. परंतु जन्माला आलेल्या आणि निवाऱ्यात दाखल झालेल्या पिलांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याचे उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे माणसाचे घर. मात्र ते कोणतेही घर असून चालत नाही. न जुळणाऱ्या घरी दिलेले पिलू काही महिन्यांत रस्त्यावर येते. तेव्हा ते मोठे झालेले असते, बिथरलेले असते आणि त्याला दुसरे घर मिळणे पहिल्यापेक्षा कठीण असते. यास्तव पिलू देण्याची घाई करण्यापेक्षा त्याचे स्थळ नीट पाहणे, हे पिलाच्या आणि गावाच्याही हिताचे आहे.

कायद्याची चौकट

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली संमत झाला. त्यातील अकराव्या कलमानुसार, उपासमारीने किंवा तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा अपराध आहे. पोत्यात घालून पिले शिवेबाहेर टाकणे हे गावात सर्रास चालत आले असले, तरी ते कायद्याला धरून नाही. पाळीव प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये शिक्षा होऊ शकते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. म्हणजेच पिलू टाकून देणारा आणि पिलू पाळून त्याकडे दुर्लक्ष करणारा, असे दोघेही कायद्याच्या कक्षेत येतात.

केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम जारी केले. त्यांनी २००१ सालच्या नियमांची जागा घेतली. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी महानगरपालिका, नगरपालिका यांच्याप्रमाणेच पंचायतींसारख्या स्थानिक संस्थांवरही आहे.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक देण्याविषयी एक महत्त्वाची तरतूद होती. ज्या प्राणिप्रेमींची इच्छा असेल त्यांनी नगरपालिका संस्थेकडे अर्ज करावा. निवडलेल्या कुत्र्यास ओळखपट्टा लावून ते अर्जदाराच्या स्वाधीन करण्यात यावे. आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असे त्यात नमूद होते. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस स्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री निवाऱ्यात हलविण्याचे, त्यांना पुन्हा त्याच आवारात न सोडण्याचे आणि आवारांना कुंपण घालण्याचे निर्देश दिले.

या आदेशांचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. निवाऱ्यांवरील भार वाढणार, आणि कुत्री एका दाराने आत येत असताना दत्तकाचे दुसरे दार उघडे नसेल, तर निवारा लवकरच भरून जाणार. पहिल्या आदेशातील शेवटचे वाक्य येथे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ द्यावयाचे नसेल, तर त्याची तजवीज ते घरी जाण्यापूर्वीच झाली पाहिजे.

निवारा हा कोंडवाडा नव्हे

मोकाट गुरांसाठी कोंडवाडा ही व्यवस्था ग्रामपंचायतीच्या परिचयाची आहे. तेथे गुरे अडकवून ठेवायची आणि मालकाने दंड भरून ती सोडवून न्यायची. पिलाला मात्र सोडवून नेणारा मालक नसतो. म्हणून निवाऱ्याची कल्पनाच वेगळी ठेवावी लागते. लंडनमध्ये १८६० साली मेरी टीलबी या महिलेने हरवलेल्या व भुकेल्या कुत्र्यांसाठी निवारा सुरू केला. पुढे बॅटरसी या भागात गेलेली ही संस्था आजही कार्यरत आहे. तिच्या पहिल्या नावातच ‘तात्पुरते घर’ असे शब्द होते. निवारा ही मुक्कामाची जागा असून पिलाचे खरे ठिकाण पुढे आहे, ही जाणीव त्या नावात होती.

यामागे शास्त्रीय कारणही आहे. कुत्र्याच्या पिलाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून साधारणतः बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा त्याच्या स्वभावाच्या घडणीचा काळ होय. या अवधीत ते ज्या गोष्टी निर्धास्तपणे अनुभवते, त्यांची भीती त्याला पुढे वाटत नाही. लहान मुले, म्हातारी माणसे, दुचाकीचा आवाज, कोंबड्या, शेळ्या, लग्नाची वरात, स्वयंपाकघरातील भांड्यांचा खडखडाट या साऱ्यांशी त्याची याच वयात ओळख व्हावी लागते. हा काळ सिमेंटच्या खोलीत, केवळ इतर कुत्र्यांच्या सहवासात गेला, तर पिलू माणसाला बुजणारे होते. आणि बुजलेले कुत्रे हेच पुष्कळदा चावणारे कुत्रे असते.

येथे एक पेच उभा राहतो. हा काळ लवकर सरतो, म्हणून पिलू लवकर घरी गेले पाहिजे. आणि घर योग्य हवे, म्हणून घाई करता येत नाही. त्यावर उपाय असा, की पिलू निवाऱ्यात आल्याच्या दिवसापासूनच घराचा शोध सुरू करावा आणि घर मिळेपर्यंत त्याला एखाद्या तात्पुरत्या पालकाकडे ठेवावे. गावातील निवृत्त शिक्षक, पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचारी किंवा घरी प्रशस्त अंगण असलेले एखादे कुटुंब महिनाभरासाठी हे काम करू शकते. मात्र आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिलाला आईपासून तोडू नये. श्वानपैदास व विक्रीविषयीच्या २०१७ सालच्या केंद्रीय नियमांनीही आठ आठवड्यांखालील पिलाच्या विक्रीस मनाई केली आहे. चावताना किती जोर लावावा, खेळ कोठे थांबवावा, याचे पहिले धडे पिलू आई व भावंडांकडूनच घेते.

आधी पिलाची पारख

कंधारच्या लाल कंधारी किंवा देवणीच्या देवणी बैलांचा व्यवहार करताना मराठवाड्यातील शेतकरी किती काळजी घेतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तो दात पाहतो, चाल पाहतो, मारका आहे का हे विचारतो आणि घरच्या बैलाशी जोड जमेल का याचा अंदाज बांधतो. दिसायला उमदा म्हणून कोणी बैल घेत नाही. पिलाच्या बाबतीत मात्र रंग, डोळे आणि लडिवाळपणा एवढ्यावरच निवड होते. खरी चूक येथेच घडते.

एकाच वेतातील पिलांचे स्वभावही सारखे नसतात. कोणी धीट असते, कोणी मागे राहते, कोणी सतत माणसाच्या पायात घुटमळते, तर कोणी आपल्याच नादात असते. हे ओळखण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. भांडे पडल्याचा आवाज झाला तर पिलू दचकून पळून जाते, की क्षणभर थबकून परत येते? उचलून घेतल्यावर थोड्या वेळात शांत होते, की धडपडतच राहते? खाताना कोणी जवळ आले तर गुरगुरते का? अनोळखी माणसाकडे आपणहून जाते का? या गोष्टी चार-आठ दिवस वेगवेगळ्या वेळी पाहून टिपून ठेवाव्यात. एका दिवसाच्या वागण्यावरून निष्कर्ष काढू नये. नव्या जागी आलेले पिलू पहिले दोन-तीन दिवस भयाने गप्प असते, त्यालाच पुष्कळदा गरीब स्वभावाचे समजले जाते. अमेरिकेतील प्राणिक्लेश निवारक संस्थेने कुत्र्याचा स्वभाव व कुटुंबाची राहणी यांची अशीच सांगड घालणारी पद्धत निवाऱ्यांसाठी तयार केली आहे. तिचे तत्त्व आपल्या बैलबाजारातील जोड पाहण्यापेक्षा फारसे निराळे नाही.

मग घराची पारख

घर पाहताना ते श्रीमंत आहे की गरीब, हा निकष गैरलागू आहे. पाहावयाचे ते असे, की त्या घरातील दिनक्रम आणि पिलाची गरज यांचा मेळ बसतो किंवा नाही. नांदेड-लातूरच्या परिस्थितीत काही बाबींचा विशेष विचार करावा लागेल.

पहिली बाब स्थलांतराची. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी परमुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा कुटुंबाला पिलाची माया नसते असे मुळीच नाही. काही कुटुंबे तर कुत्रे बरोबरच नेतात. प्रश्न एवढाच विचारावयाचा, की पाच-सहा महिने पिलू कोठे राहणार? बरोबर नेणार असतील, तर जाण्यापूर्वी लसीकरण पूर्ण व्हावे. मागे ठेवणार असतील, तर गावातील कोणत्या घराने जबाबदारी घेतली आहे, हे आधीच निश्चित व्हावे.

दुसरी बाब विद्यार्थ्यांची. लातूर व नांदेड ही शिक्षणाची मोठी केंद्रे असून वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी दूरदूरचे विद्यार्थी तेथे एक-दोन वर्षे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. घरापासून दूर असलेल्या मुलाला पिलाचा लळा लागणे स्वाभाविक आहे. परंतु परीक्षा संपताच खोली रिकामी होते. कुत्र्याचे आयुष्य दहा ते चौदा वर्षांचे, म्हणजे ढोबळमानाने एका तपाचे असते. ज्याचा स्वतःचा मुक्काम दोन वर्षांचा आहे, त्याला तपभराची जबाबदारी देणे योग्य नव्हे. असा विद्यार्थी सुटीच्या दिवशी निवाऱ्यात येऊन पिलांशी खेळला, तर त्याचे मन रमेल आणि पिलांनाही माणसाची सवय लागेल.

तिसरी बाब पाण्याची व उन्हाची. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण अजून पुसलेली नाही. पूर्ण वाढ झालेल्या मध्यम आकाराच्या कुत्र्यास दिवसाला साधारण एक लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक पाणी लागते. घरात टंचाईच्या दिवसांतही एवढे पाणी आणि दुपारी बसावयास सावली आहे काय, हे विचारलेच पाहिजे. पत्र्याच्या शेडला दिवसभर बांधून ठेवलेले पिलू मे महिन्याच्या उन्हात उष्माघाताने मरू शकते.

चौथी बाब घरातील माणसांची. रांगते मूल किंवा काठीच्या आधाराने चालणारे वृद्ध असलेल्या घरी अतिशय धसमुसळे पिलू देऊ नये. तेथे शांत स्वभावाचे, किंबहुना वर्ष-दोन वर्षांचे समजूतदार कुत्रे अधिक बरे. दिवसभर कुलूप असणाऱ्या नोकरदारांच्या सदनिकेत दोन महिन्यांचे पिलू एकटे ठेवणे म्हणजे दारे-चपलांची नासधूस आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांना आमंत्रण होय. घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती घ्यावी. कुटुंबातील एकाची हौस आणि बाकीच्यांची नाराजी असेल, तर तेथे थांबावे. घरातील कर्त्या स्त्रीला विचारल्याशिवाय तर पिलू कधीच देऊ नये, कारण त्याच्या खाण्यापिण्याचा भार बहुधा तिच्यावरच येऊन पडतो.

पाचवी बाब शेतावरील आखाड्याची. आखाड्यावर जागा मोकळी असते, सोबत गुरे असतात आणि राखणीचे कामही असते. धीट, चौकस पिलाला असे घर मानवते. तथापि मालक गावात राहतो आणि आखाड्यावर फक्त सालगडी असतो, अशा वेळी पिलाला रोज खाऊ घालणारा कोण, हे सालगड्यालाच विचारले पाहिजे. गुढीपाडव्याला सालगडी बदलला, तर नव्या माणसाने ती जबाबदारी पुढे चालवावी, अशी मालकाकडून हमी घ्यावी. कोंबड्या व करडांमध्ये पिलाला लहानपणीच वावरू दिल्यास ते त्यांच्या मागे लागत नाही.

देशी पिलू आणि कारवानी श्वान

निवाऱ्यात येणारी बहुतेक पिले गावठी असतात. गावठी या शब्दात उगाच कमीपणा आला आहे. आखूड केस, सडपातळ बांधा आणि उन्हाशी जमवून घेण्याची शक्ती या गुणांमुळे हे कुत्रे मराठवाड्याच्या हवामानास जितके अनुकूल आहे, तितकी थंड प्रदेशांतून आणलेली दाट केसांची कुत्री असू शकत नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधानांनीही भारतीय श्वान पाळण्याचे आवाहन केले होते.

या भागाला श्वानपालनाची स्वतःची परंपरा आहे. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव कारवानी व पश्मी श्वानांसाठी ओळखले जाते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांप्रमाणे श्वानांचेही प्रदर्शन भरते. खंडोबाच्या सोबतीला कुत्रे असते. माहूरगडी ज्याचे स्थान मानले जाते त्या दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री दाखविली जातात. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा तर घरोघरी सांगितली जाते.

निवाऱ्यात कारवानी वळणाचे, लांब पायांचे व निमुळत्या तोंडाचे पिलू आले, तर त्याला मागणी पुष्कळ येईल. अशा वेळी अधिक सावध राहावे. हे श्वान नजरेने सावज हेरून वेगाने धावणाऱ्या जातीचे आहे. त्याला रोज मोकळे धावण्यास कुंपण घातलेली जागा लागते. साखळीला बांधून ठेवल्यास ते खंगते किंवा चिडखोर बनते. मागणी करणाऱ्याचा हेतू ससे धरण्याचा असेल, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. केवळ पैदास करून पिले विकण्यासाठी मादी मागणाऱ्यालाही निवाऱ्यातील पिलू देऊ नये.

मादी पिलांविषयी स्वतंत्रपणे सांगणे जरूर आहे. ‘कुत्री नको, कुत्रा द्या’ असे बहुतेक जण म्हणतात आणि मादी पिले मागे राहतात. कुत्री साधारणतः सहा महिने ते एक वर्ष या वयात माजावर येते, गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि एका वेतात चार-सहा पिले होतात. ही भीती निराधार नाही. पण ती निर्बीजीकरणाच्या एका शस्त्रक्रियेने दूर होते. निर्बीजीकरण झालेली मादी राखणीत नराहून उणी नसते आणि माजाच्या काळात भटकतही नाही. मादी पिलू देतानाच शस्त्रक्रियेचा महिना ठरवून तो नोंदवहीत लिहावा.

देण्यापूर्वीची तयारी

घरी जाणारे पिलू निरोगी असले पाहिजे. पिलांच्या पोटात बहुधा जंत असतात आणि त्यातील काही माणसांच्या मुलांनाही बाधतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्यास जंतनाशक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांवरील संयुक्त लसीची पहिली मात्रा द्यावी आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढील मात्रा सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण कराव्यात. तीन महिने होताच रेबीजची लस द्यावी आणि ती दरवर्षी पुन्हा देण्याविषयी पशुवैद्यकाचा सल्ला पाळावा. रक्ताची हगवण लागलेले, उलट्या करणारे पिलू तात्काळ दवाखान्यात न्यावे, कारण पार्व्हो रोगात एक-दोन दिवसांचा विलंबही प्राणघातक ठरतो. गोचिडांचा बंदोबस्त उन्हाळ्यात व पावसाळ्यात विशेष काळजीने करावा. परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये या विभागाला जवळची आहेत; गुंतागुंतीच्या आजारात त्यांचे साहाय्य घेता येते.

आहाराबाबतही कुटुंबाला माहिती द्यावी. ज्वारीची भाकरी व ताक हा मराठवाड्यातील कुत्र्यांचा नेहमीचा आहार. पण वाढत्या पिलाला तेवढ्यावर प्रथिने पुरत नाहीत. भाकरी किंवा भाताबरोबर उकडलेले अंडे, शिजवलेले मांस किंवा घट्ट वरण दिल्यास वाढ चांगली होते. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट व शिजवलेली अणकुचीदार हाडे देऊ नयेत.

सर्वात महत्त्वाची सूचना रेबीजसंबंधीची. पिलू लहान आहे म्हणून त्याच्या चाव्याकडे दुर्लक्ष करू नये. पिलालाही रेबीज होऊ शकतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शासकीय रुग्णालय गाठून लसीकरण सुरू करावे. जखम खोल असल्यास प्रतिरक्षक द्रव्यही टोचावे लागते. तिखट, चुना, हळद लावणे किंवा मंत्र-तंत्राच्या नादी लागणे जिवावर बेतते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपुष्टात आणण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र शासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. लस घेतलेले प्रत्येक पाळीव पिलू हा त्या योजनेला लागलेला हातभारच होय.

दिल्यानंतरची जबाबदारी

पिलू स्वाधीन केल्यावर काम संपले असे मानणे चूक आहे. पहिल्या तीन दिवसांत ते भेदरलेले असते. खात नाही, रात्री रडते. तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम त्याच्या अंगवळणी पडतो. साधारण तीन महिन्यांत ते घर आपले मानू लागते. निवाऱ्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीने या तिन्ही टप्प्यांवर एकेकदा चौकशी करावी. चार ते सहा महिन्यांच्या वयात दात बदलताना पिलू हाती येईल ते चावते. हा खोडसाळपणा नसून वाढीचा भाग आहे, एवढे वेळेवर सांगितल्याने अनेक पिलांचे घर टिकते.

एवढे करूनही काही वेळा जुळत नाही. अशा प्रसंगी कुटुंबाने पिलू गुपचूप सोडून न देता निवाऱ्यात परत आणावे आणि तेथे त्यास कोणी दोष देऊ नये. परत आणण्याची लाज वाटली, की माणूस शिवेचा रस्ता धरतो. म्हणून दत्तकपत्रातच ‘न जमल्यास पिलू येथेच परत करावे’ असे ठळक लिहावे. कुटुंबाने सांगितलेली अडचण नोंदवून घेतल्यास दुसरे घर निवडताना तिचा उपयोगच होतो.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक नोंदवही पुरेशी आहे. पिलाचे वय, लिंग, खुणा, स्वभावाविषयीची टिपणे, दिलेल्या लसी, घेणाऱ्याचे नाव, घरी कोण असते, स्थलांतर आहे काय, निर्बीजीकरणाचा ठरलेला महिना आणि तीन भेटींच्या तारखा एवढे रकाने त्यात असावेत. पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून महिन्यातील एक दिवस लसीकरणासाठी ठरविल्यास पालकांचा हेलपाटा वाचेल. ग्रामसभेत वर्षातून एकदा हा विषय ठेवल्यास कोणाला पिलू हवे आहे आणि कोणाच्या कुत्रीचे निर्बीजीकरण व्हावयाचे आहे, हे दोन्ही एकाच वेळी समजेल.

शाळांनी शालेय पोषण आहाराचे खरकटे उघड्यावर पडू देऊ नये. अन्न मिळते तेथे कुत्री येतात आणि तेथेच वितात. शाळेच्या आवारात पिले आढळल्यास मुलांनी त्यांना हात न लावता शिक्षकांना सांगावे व शिक्षकांनी स्थानिक संस्थेस कळवावे. झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा पिलांजवळ बसलेल्या कुत्रीच्या जवळ जाऊ नये, हा धडा प्रत्येक वर्गात द्यावा. मुलाने हट्ट धरला म्हणून घरी पिलू आणले आणि परीक्षा आल्या म्हणून ते सोडून दिले, असे होऊ नये यासाठी शिक्षकांनी पालक सभेत चार शब्द सांगितले, तरी त्याचा परिणाम होईल.

गावात एका पिलाला योग्य घर मिळाले, तर त्यातून एक राखणदार तयार होतो, रस्त्यावरील एक कुत्रे कमी होते, आणि ते मादी असेल तर पुढील अनेक वेतांची वाढ थांबते. अयोग्य घरी दिलेली दहा पिले कागदावर मोठा आकडा दाखवितात; पण वर्षअखेर ती मोंढ्यात आणि बस स्थानकात पुन्हा भेटतात. म्हणून किती पिले दिली, याबरोबरच वर्षानंतर त्यांतील किती त्याच घरी आहेत, हा रकाना नोंदवहीत असावा. निवाऱ्याचे व ग्रामपंचायतीचे यश त्याच रकान्यावरून जोखले जावे.